शेवटची आठ पानं

पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही. लेखिका हयात नाही, तिची मुलं-नातवंडं कुठंतरी असतील आणि त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. पण ज्या दुपारी ते पुस्तक कुरिअरनं माझ्या दारात आलं, त्या दुपारी ती बाई समोर असती तर चार शब्द ऐकूनच गेली असती.

छप्पन्न वर्षं मी ते पुस्तक शोधत होते. रद्दीच्या दुकानांत शोधलं, ग्रंथप्रदर्शनांत शोधलं, पुण्याला एका लग्नाला गेले तर लग्न सोडून जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर शोधलं. शेवटी माझी नात अंतरा हिनं मोबाइलवर चार दिवसांत नागपूरच्या कुणा पुस्तकवाल्याकडं ते शोधून काढलं आणि वर मलाच म्हणाली, "एवढंच होतं व्हय आज्जी?" एकशे बारा पानांची कादंबरी. पहिली एकशे चार पानं मला जवळजवळ पाठ होती. मला हवी होती ती शेवटची आठ.

ती मी स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचली. वाचून झाल्यावर पुस्तक पिठाच्या डब्यावर आपटलं आणि मटकन खाली बसले. गॅसवरचं दूध उतू गेलं, ते जाऊ दिलं.

आता हे सगळं कळायचं तर आधी आमची आक्का कळायला हवी.

आक्का माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आज शहात्तर वर्षांची आहे. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, पण ते पेन्शनच्या कागदांवरच राहिलं. जयसिंगपूरला तिनं छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, तिथली पोरंसुद्धा तिला आक्काच म्हणायची, आणि पुढं त्या पोरांची पोरंही. उंच, ताठ पाठीची, आणि चालणं असं की बरोबरच्याला पळावं लागतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला माझ्याकडं राजारामपुरीत येते. एसटीत कुणी ऐसपैस पाय पसरून बसलं तर ती विचारते, "पावणं, पाय तुमचंच हाईत न्हवं? मग जवळ घ्या की." एकदा एका कंडक्टरनं म्हातारा अजून पायरीवर असताना घंटी मारली. आक्कानं त्याला जवळ बोलावून नाव विचारलं, गाव विचारलं, वडलांचं नाव विचारलं आणि म्हणाली, "तुझा बा माझ्या वर्गात हुता. त्याला पण कधी दम निघायचा न्हाय." अख्खी गाडी हसली, कंडक्टर सगळ्यांत जास्त हसला.

अशा बाईला कुणी फसवू शकेल असं तुम्हाला वाटणार नाही. मी फसवलं होतं. बारा वर्षांची असताना, एका शनिवारी दुपारी. आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या त्या एका थापेवर उभं राहिलं.

तेव्हा आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. आबा नगरपालिकेत पाणीखात्यात होते. घरात आबा, आई, काका-काकू, एक आत्या आणि आम्ही दोघी. आक्का मॅट्रिक झाली आणि तिला मलकापूरला दिली. बरं घर होतं, शेती होती, चार म्हशी होत्या. नवरा मारत नव्हता, हे मुद्दाम सांगते. तो बोलतच नव्हता. आठ महिन्यांत त्यानं तिला एकदाही नावानं हाक मारली नाही. पाणी हवं असलं की तांब्या वाजवायचा. सासूला सुनेनं वाचलेलं चालायचं नाही. एकदा आक्का चुलीपुढं बसून पुडीचा कागद वाचत होती, तर सासूनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि चुलीत सारला. आक्का हे सगळं हसत हसत सांगायची, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. नव्या नवरीला असं व्हायचंच, असं म्हणायचे.

पंचमीला ती माहेरी आली. आठ दिवस राहायचं आणि मग थोरला दीर न्यायला येणार, असं ठरलेलं. ते आठ दिवस मी तिच्या पदराला धरून होते. ती सासरी गेल्यापासून माझ्या वेण्या आई घालायची, आणि आईला वेळ नसल्यामुळं ती इतक्या आवळून घालायची की दिवसभर माझे डोळे ताणलेले राहायचे. रात्री अंथरुणात बोलायला कुणी नव्हतं. घर माणसांनी भरलेलं होतं, पण माझं असं त्यात कुणी नव्हतं. आक्का आली आणि घरात कुणीतरी दिवा मोठा केल्यासारखं झालं.

आल्या आल्या तिनं मला दादांकडं पिटाळलं.

दादा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तालमीला लागून, भाड्यानं पुस्तकं देणारे. दहा बाय आठची खोली, छतापर्यंत पुस्तकं, प्रत्येक पुस्तकाला सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर आणि पाठीवर शाईनं नंबर. इतक्या हातांतून फिरल्यावर पुस्तकाची मागची पानं आधी सुटतात. अशा पुस्तकाच्या शेवटी दादा एक चिठ्ठी चिकटवायचे: 'शेवट दुकानात विचारावा.' आणि लोक खरोखर विचारायला यायचे. दादा स्टुलावर बसून, चिमूटभर तपकीर ओढून, पुस्तकाचा शेवट तोंडी सांगायचे. कुणाचा खून कुणी केला, कोण कुणाला मिळालं, सगळं. तालमीत घुमून आलेले पैलवान अंगाची माती न झटकता उभे राहून ऐकायचे. बायकांना तिथं जाऊन उभं राहणं बरं दिसायचं नाही. त्या घरातल्या मुलींना पाठवायच्या. मी आमच्या गल्लीतल्या पाच-सहा घरांचे शेवट आणायचे. फ्रॉकमधली मुलगी कुणाच्या तरी मरणाची नाही तर लग्नाची बातमी घेऊन घरोघर जायची, हे आज कुणाला खरंसुद्धा वाटणार नाही.

त्या पंचमीला मी आक्कासाठी जे पुस्तक आणलं, तेच हे. कुमुदिनी नावाच्या मुलीची गोष्ट. शिकलेली मुलगी, सासरी तिचा जीव घुसमटतो, ती चोरून शाळेतल्या नोकरीचा अर्ज करते आणि नेमणुकीचं पत्र येतं. एकशे चौथ्या पानावर ती पत्र पदरात बांधून स्टेशनवर उभी आहे. 'गाडीची शिट्टी झाली आणि कुमुदिनीने...' एवढ्यावर पान संपलं. पुढं दादांची चिठ्ठी.

आक्कानं ते चार दिवसांत दोनदा वाचलं, धान्याच्या कोठीमागं बसून. शनिवारी दुपारी आईनं तिची ट्रंक भरून दिली. दीर रविवारी सकाळी येणार होता. आक्कानं मला कोपऱ्यात बोलावलं आणि म्हणाली, "विमे, पळत जा आणि शेवट विचारून ये. दादा सांगतील तसाच्या तसा सांगायचा, एक अक्षर खायचं न्हाय." तिचा हात गार पडला होता. मला कळलं की हा नेहमीचा शेवट नाही.

मी पळत गेले. दादांनी पुस्तक उलटंपालटं केलं, तपकीर ओढली आणि म्हणाले, "पोरी, हे माझ्याकडं आलं तवाच असं अर्धं आलंय. शेवट मी पण वाचल्याला न्हाय. तुला काय वाटतंय? काय करंल ती बाई?"

"गाडीत बसंल," मी म्हणाले.

"मग तसंच सांग. मी पण तसंच सांगत जातो."

दुकानापासून आमचं घर तीन मिनिटांवर. त्या तीन मिनिटांत मी शेवट रचला. घरी येऊन आक्काच्या कानात सांगितलं की दादा म्हणाले, कुमुदिनी गाडीत बसली. दुसऱ्या गावात शाळेत शिकवायला लागली. तिनं स्वतःचं दोन खोल्यांचं घर घेतलं, दारात अबोली लावली आणि ती कधीच परत गेली नाही. आक्कानं विचारलं, "सुखात राहिली?" मी म्हणाले, "व्हय. दादा म्हणाले, लई सुखात."

आक्का थोडा वेळ ट्रंकेवर बसून राहिली. मग उठली, ट्रंक उघडली आणि एकेक लुगडं काढून परत फडताळात ठेवायला लागली.

एका पुस्तकावरून कुणी संसार मोडतं का, असं तुम्ही म्हणाल. मीही माझ्या मनाला हेच सांगत आले. पण तिची ट्रंक भरलेली होती आणि मन निम्मं इकडं होतं, निम्मं तिकडं. अशा वेळी माणसाला फार जोराचा धक्का द्यावा लागत नाही.

रविवारी दीर आला आणि आक्का म्हणाली, "मी येणार न्हाय." आबा तिच्याशी चार महिने बोलले नाहीत. काकू येता-जाता भांडी आपटायची. मलकापूरच्यांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न लावून टाकलं. आक्कानं स्वतःच अर्ज आणला, शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं आणि जयसिंगपूरच्या एका शाळेत लागली. पुढं तिथंच तिनं घर घेतलं. दोनच खोल्यांचं घेतलं, आणि दारात अबोली लावली. मी पहिल्यांदा त्या घरी गेले आणि ती अबोली बघितली, तेव्हा माझे पाय उंबऱ्याशीच थांबले.

तिचं नाव झालं, मान मिळाला, हे खरं. पण मी दुसरंही बघितलं आहे. माझ्या लग्नात हळदीच्या वेळी मावशी तिला म्हणाली, "तू जरा मागं थांब गं." आणि आक्का, जी कुणाचं ऐकत नाही ती आक्का, मुकाट्यानं मागं जाऊन उभी राहिली. मी पाटावर बसले होते, सगळं दिसत होतं, आणि तोंडातून शब्द निघाला नाही. एकदा ती टायफॉइडनं आठ दिवस एकटी पडून होती, आम्हाला कळलं ती उठून शाळेत जायला लागल्यावर. मला मूल झालं तेव्हा तिनं ते हातात घेतलं आणि इतका वेळ दिलंच नाही की शेवटी मुलगा रडायला लागला. अशा प्रत्येक वेळी मला वाटायचं, हे माझ्यामुळं.

आणि तिला काय वाटायचं? ती त्या लेखिकेचे उपकार मानायची. दरवर्षी सातवीच्या मुली शाळा सोडून जायच्या, तेव्हा आक्का त्यांना कुमुदिनीची गोष्ट सांगायची, माझ्या शेवटासकट. शेकडो मुलींनी ती ऐकली असेल. "त्या बाईनं मला वाट दाखवली," असं ती म्हणायची, आणि मी ताटातल्या भाताशी खेळत बसायचे.

म्हणून मी ते पुस्तक शोधत होते. मला एवढीच आशा होती की खऱ्या पुस्तकातही कुमुदिनी गाडीत बसली असेल. मग माझी थाप ही थाप राहणार नव्हती. मी फक्त आठ पानं आधी सांगितली, एवढंच झालं असतं.

आणि त्या आठ पानांत काय होतं? 'गाडीची शिट्टी झाली आणि कुमुदिनीने डोळे पुसले.' डोळे पुसून बाई वळली, टांगा केला, घरी आली. सासू दारातच. सासूला आपोआप पश्चात्ताप झालेला. कशानं झाला, ते लेखिकेनं लिहायचे कष्ट घेतलेले नाहीत. नवरा दोन वाक्यं बोलला, तेवढ्यात कुमुदिनी भरून पावली. आणि शेवटच्या परिच्छेदात तिनं नेमणुकीचं पत्र चुलीत घातलं आणि त्या जाळावर सासूबाईंसाठी चहा ठेवला. समाप्त.

चहा! मी छप्पन्न वर्षं थांबले होते ते ह्या चहासाठी.

दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अंतरा म्हणाली, "आज्जी, राग आलाय न्हवं? मग त्याचं पान कर."

अंतरा चित्रकलेच्या कॉलेजात आहे. तिच्याकडं जाड कागदाच्या वह्या असतात. त्यांत ती रंग लावते, तिकिटं चिकटवते, मनात येईल ते लिहिते. ह्याला आर्ट जर्नल म्हणतात. आमच्या वेळी ह्याला चिकटवही म्हणायचे आणि अभ्यास सोडून करत बसलं तर पाठीत धपाटा मिळायचा. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी घरात बसून सगळ्यांवर खेकसायला लागले, तेव्हा तिनं त्यातली एक कोरी वही माझ्यापुढं टाकली. मी जिल्हा परिषदेत टायपिस्ट होते, उभ्या आयुष्यात रंगाला हात लावलेला नव्हता. पण आता माझी दहा-बारा पानं झाली आहेत. एक आमच्या पाण्याच्या बंबाचं आहे, एक टाइपरायटरचं आहे.

"फालतू पुस्तकाचं कसलं पान करायचं?" मी म्हणाले.

"फालतूचंच भारी हुतंय. चांगल्या पुस्तकाचं करायला भीती वाटती."

पुस्तक कापायचं नाही, हे मी आधी बजावलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून आठ पानांची झेरॉक्स आणली. अंतरानं पानाला पांढरा हात दिला, वाळल्यावर मी त्यावर चहाचं पाणी फिरवलं. सासूबाईंचा चहा असा तरी कामाला आला. मग मी कात्री घेतली तर म्हणाली, "हातानं फाड आज्जी, कडा बऱ्या दिसतात." हे काम मला मनापासून आवडलं. पश्चात्ताप फाडला, टांगा फाडला, आणि ते चुलीचं पान मी इतकं बारीक फाडलं की अंतरा म्हणाली, "बास, आता चिकटवायला पण येणार न्हाय."

ते तुकडे मी पानाच्या कडेनं चिकटवले. मधे आमची गल्ली काढली. मला सरळ रेघ येत नाही, पण आमची गल्लीही सरळ नव्हती. गेरू कालवून तालमीची माती केली. दादांचं दुकान काढताना पुस्तकांचे चौकोन भरता भरता दुपार गेली, आणि भरताना मला तो कागदाचा, खळीचा आणि तपकिरीचा वास खरोखर आल्यासारखा झाला. दादांच्या बोटांवरचे शाईचे डाग आठवले. अंगाला माती लावून, तोंड उघडं टाकून शेवट ऐकणारा एक धिप्पाड पैलवान आठवला, गोष्टीतली आई मेली म्हणून तो भर दुकानात रडला होता. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. आमचं घर पाडून अपार्टमेंट झालं. आबा, आई, काका, काकू, आत्या, सगळी गेली. त्या दुपारची गल्ली माहीत असलेली आम्ही दोघीच उरलो, आणि तीही आम्हाला एकसारखी माहीत नव्हती. मला फार एकटं वाटलं.

घराच्या दारात मी एक हिरवी ट्रंक काढली. तिच्याखाली हाताच्या पंजाएवढी जागा कोरी सोडली.

"इथं काय?" अंतरानं विचारलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मग चांगलंच केलंस की. असल्या घरात परत कोण जातंय?"

मी तिच्यावर उखडले. म्हणाले, तुला काय माहीत, तू तिला हळदीत मागं उभी राहिलेली बघितली नाहीस. अंतरानं ब्रश धुतला, पाणी फेकून आली आणि म्हणाली, "मग तिलाच विचार की. तिचं आयुष्य हाय, आणि भांडायलीस माझ्याशी."

त्या कोऱ्या जागेत मी चार ओळी लिहिल्या. 'आक्का, गाडीचा शेवट दादांनी सांगितला नव्हता. त्यांना माहीत नव्हता. तो मी रस्त्यात रचला. खरा शेवट कडेनं फाडून लावला आहे.' अक्षर बरं आलं.

दुसऱ्या रविवारी आक्का आली. हातपाय धुतले, पाणी प्यायली, एसटीतल्या कुणाला तरी काय सुनावलं ते सांगितलं. मुलगा-सून बाहेर गेले होते, अंतरा आतल्या खोलीत होती. मी वही कपाटात ठेवली होती आणि जेवण झाल्यावर काढू असं ठरवलं होतं. पण पहिली भाकरी करपली, दुसरी तव्यावरच तुटली. आक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "काय झालंय तुला?"

मी गॅस बंद केला आणि आधी पुस्तक तिच्या हातात दिलं. "सापडलं," म्हणाले.

तिनं नाव वाचलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं. चष्मा चढवून ती टेबलाशी बसली, सरळ एकशे पाचवं पान काढलं आणि वह्या तपासायला बसल्यासारखी ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. मी ओट्याला टेकून उभी. आठ पानं संपली. तिनं पुस्तक मिटलं.

"हे काय गं? शंभर पानं बाईला उभी केली, आणि शेवटाला चुलीपुढं नेऊन बसवली?" मग म्हणाली, "म्हणजे दादांनी मला थाप मारली."

दादांना जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यांच्या नावावर खपलं असतं, ते काही बोलायला येणार नव्हते. 'व्हय' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी जाऊन कपाटातून वही आणली आणि ते पान तिच्यापुढं उघडलं.

आक्कानं आधी गल्ली बघितली. दादांच्या दुकानावरून बोट फिरवलं, तालमीवरून फिरवलं, ट्रंकेपाशी आली. मग चार ओळी वाचल्या. परत वाचल्या.

"दादांनी न्हाय," ती म्हणाली. "तू."

"व्हय."

तिनं परत ट्रंकेच्या चित्रावर बोट ठेवलं. मीच विचारलं, "मी ती परत गेली म्हणून सांगितलं असतं, तर तू गेली असतीस?"

"गेले असते की," आक्का म्हणाली. जराही अडखळली नाही. "ट्रंक भरलेलीच हुती."

मला रडू आलं. इतक्या वर्षांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. माझी हळद, तिचा टायफॉइड, माझा मुलगा तिच्या हातात असताना तिचा दिसलेला चेहरा. आणि सगळ्यांत शेवटी, जे पानावर लिहायला मला धीर झाला नव्हता, ते सांगितलं. "आक्का, मी ते तुझ्या भल्यासाठी केलं असं पण न्हाय गं. तुझं भलं कशात हाय हे मला कळत नव्हतं. तू जाऊ नयेस, एवढंच मला पाहिजे हुतं. माझ्यासाठी."

आक्कानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरले होते. माझ्या आठवणीत मी ते तसे पहिल्यांदाच बघितले.

"त्या दिवशी घरात माणसं किती हुती?" तिनं विचारलं आणि स्वतःच बोटं दुमडत मोजायला लागली. "आबा. त्यांनी सांगितलं, जा. आईनं ट्रंक भरून दिली. काका म्हणालं, नशीब असतंय एकेकीचं. काकू म्हणाली, आणि किती दिवस ठेवून घ्यायचं? आत्या म्हणाली, जा बाई, हुईल सगळं नीट. सगळी शहाणी माणसं. सगळी माझं भलं बघणारी." तिनं माझा हात ओढून आपल्या हातात घेतला. "मी जाऊ नये असं वाटणारं एक तरी माणूस त्या घरात हुतं, हे मला आज कळतंय, विमे."